कपॅसिटर वीज खात नाही, मग ती जाते कुठे? मेन्सवरच्या छोट्या एलईडी दिव्याचा हिशेब आणि जोडणी

ट्रान्सफॉर्मर नाही, चिप नाही. एक कपॅसिटर, चार डायोड, दोन-तीन रेझिस्टर आणि एलईडींची माळ एवढ्यावर मेन्सचा (म्हणजे घरातल्या सॉकेटमधल्या २३० व्होल्ट एसी विजेवरचा) छोटा दिवा चालतो. असा दिवा पहिल्यांदा जोडणारा जवळपास प्रत्येक जण एक हिशेब करतो आणि घाबरतो. मल्टिमीटर मेन्सच्या तारेत सिरीजमध्ये लावला, १५ मिलिअँपिअर दिसले, २३० ने गुणले, उत्तर आलं साधारण साडेतीन वॅट. माळेत मात्र पाऊण वॅटसुद्धा पोचत नाही. म्हणजे ऐंशी टक्के वीज वाया?

मीही हा हिशेब केला होता. मग प्लग काढून कपॅसिटर रिकामा केला आणि त्याला बोट लावून पाहिलं, तर तो गार. पावणेतीन वॅट त्या एवढ्याशा डबीत सतत जिरत असते तर बोट टेकवता आलं नसतं. चूक गुणाकारात होती. कपॅसिटरमधला प्रवाह दाबाच्या (व्होल्टेजच्या) पाव आवर्तन पुढे असतो, त्यामुळे पाव आवर्तनात तो मेन्सकडून ऊर्जा उसनी घेतो आणि पुढच्या पाव आवर्तनात परत करतो. व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की ही देवघेवही खर्चात धरली जाते. तो आकडा व्होल्ट-अँपिअरचा असतो, वॅटचा नसतो. चांगल्या पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटरमध्ये खरोखर जिरणारी ऊर्जा या देवघेवीच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते.

मग वीज जाते कुठे? ती जाते तीन किरकोळ वाटणाऱ्या भागांत, आणि त्या तिघांचा वाटा किती हे ठरतं माळेत किती एलईडी आहेत यावर. या लेखातलं मुख्य म्हणणं तेच आहे. "कपॅसिटर सर्किटची कार्यक्षमता किती?" या प्रश्नाला माळेची लांबी सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

आधी जिवाची गोष्ट

हे सर्किट मेन्सपासून वेगळं केलेलं नसतं. माळेवर ६० व्होल्ट असोत की ३, प्लग उलटा बसला किंवा न्यूट्रल तुटला की तिच्या प्रत्येक टोकाचा जमिनीशी असलेला दाब मेन्सचाच होऊ शकतो. "बाहेर तर तीनच व्होल्ट येतात" असं म्हणून हात लावणाऱ्याला शॉक फेजचाच बसू शकतो. म्हणून हा दिवा पूर्ण बंद प्लास्टिकच्या डबीतच हवा. धातूचा स्क्रू बाहेर नको, सॉकेट नको, हाताला लागेल अशी एलईडी पट्टी नको. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप या सर्किटला लावायची नाही. ती अर्थिंगला जोडलेली असते आणि ब्रिजच्या (चार डायोडांच्या जोडणीच्या) मागे क्लिप लावली की डायोड आणि कदाचित स्कोपही जाऊ शकतो. तपासणी करायचीच असेल तर मध्ये १:१ चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दाब तोच ठेवून सर्किट मेन्सपासून वेगळं करणारा) घ्या, आणि त्यानंतरही एक हात खिशात ठेवा. मेन्सवर काम करण्याची सवय नसेल तर हा लेख वाचून हिशेब शिका, सोल्डरिंग गन मात्र बाजूला ठेवा.

जोडणीचा क्रम

फेजवरून फ्यूज, त्यानंतर एक छोटा सिरीज रेझिस्टर, त्यानंतर मुख्य कपॅसिटर. या कपॅसिटरला समांतर एक मोठा रेझिस्टर, ज्याला ब्लीडर म्हणतात. पुढे ब्रिजचं, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडांच्या जोडणीचं, एक एसी टोक. ब्रिजचं दुसरं एसी टोक थेट न्यूट्रलला. ब्रिजच्या डीसी बाजूला एलईडींची माळ, तिला समांतर फिल्टर कपॅसिटर (उजेड स्थिर ठेवणारा) आणि झेनर (ठरावीक दाबाच्या वर गेलं की वाहू लागणारा डायोड).

चार डायोड कशाला, एकाने भागणार नाही का? नाही भागणार. कपॅसिटरच्या पुढे एकच डायोड लावला तर कपॅसिटर एकदा शिखरापर्यंत भरतो आणि तिथेच अडकतो, कारण रिकामं व्हायला उलटी वाट नसते. दिवा क्षणभर लुकलुकतो आणि विझतो. प्रवाहाला दोन्ही दिशांनी वाट लागते. ब्रिजमुळे ती मिळते, शिवाय दोन्ही अर्धआवर्तनं उजेडाच्या कामी येतात.

पायरी १: कपॅसिटर नंतर, माळ आधी

बहुतेक जण "किती मायक्रोफॅरड लावू?" इथून सुरुवात करतात. सुरुवात माळेपासून करायला हवी.

एका अर्धआवर्तनात काय घडतं ते पाहू. मेन्सचं शिखर २३० × १.४१४, म्हणजे ३२५ व्होल्ट. माळ आणि दोन डायोड मिळून जो दाब घेतात त्याला माळदाब म्हणू. कपॅसिटरच्या वाट्याला (शिखर − माळदाब) एवढा दाब येतो, एका अर्धआवर्तनात एका बाजूने, पुढच्यात उलट्या बाजूने. म्हणजे प्रत्येक अर्धआवर्तनात त्याचा दाब याच्या दुप्पट बदलतो आणि तेवढा विद्युतभार माळेतून जातो. ५० हर्ट्झला असं सेकंदाला १०० वेळा होतं. म्हणून:

माळेतला सरासरी प्रवाह = ४ × फ्रीक्वेन्सी × कपॅसिटन्स × (शिखर − माळदाब)

दाब व्होल्टमध्ये आणि कपॅसिटन्स फॅरडमध्ये धरा. १ मायक्रोफॅरड, ५० हर्ट्झ, माळदाब जवळपास शून्य असेल तर ६५ मिलिअँपिअर. हा आकडा लक्षात ठेवला की अर्धे हिशेब तोंडी होतात.

आता २२० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, १०० ओहमचा सिरीज रेझिस्टर, १ मेगाओहमचा ब्लीडर एवढं कायम ठेवू आणि फक्त माळ बदलू. प्रत्येक पांढरा एलईडी ३ व्होल्टचा, ब्रिजमधले दोन डायोड मिळून १.४ व्होल्ट.

एकच एलईडी लावला तर प्रवाह १४.१ मिलिअँपिअर, एलईडीला मिळतात ४२ मिलिवॅट. सिरीज रेझिस्टर खातो २५, ब्रिज २०, ब्लीडर ५३. एकूण १४० मिलिवॅटमधले ४२ कामी आले, म्हणजे ३० टक्के.

वीस एलईडी सिरीजमध्ये लावले तर प्रवाह थोडाच उतरून ११.६ मिलिअँपिअर होतो, पण माळेला मिळतात ६९६ मिलिवॅट. रेझिस्टर २२, ब्रिज १६, ब्लीडर ४२. एकूण ७७६ मधले ६९६, म्हणजे ९० टक्के.

पन्नास लावले तर प्रवाह ७.६ मिलिअँपिअर, माळेला ११४६ मिलिवॅट, आणि तिघांचं मिळून नुकसान फक्त ४६ मिलिवॅट. ९६ टक्के.

नुकसान तीनही वेळा शंभर मिलिवॅटच्या आतच राहिलं. बदलला तो कामाचा वाटा, आणि तो सत्तावीस पट झाला. एकट्या इंडिकेटर एलईडीसाठी हे सर्किट कार्यक्षम नाही हे खरं. पण त्याच एलईडीला कपॅसिटरऐवजी रेझिस्टरने तेवढाच प्रवाह दिला असता तर साधारण ३.६ वॅट जळले असते आणि कार्यक्षमता एक टक्क्याच्या आसपास आली असती. तुलना कशाशी करायची तेही ठरवावं लागतं.

आता उलटी चूक. वीस एलईडी आहेत, पण कुणीतरी चार-चारच्या पाच माळा करून समांतर जोडल्या. माळदाब १३.४ व्होल्ट, एकूण प्रवाह १३.७ मिलिअँपिअर, आणि सगळ्या एलईडींना मिळून जेमतेम १६४ मिलिवॅट. कपॅसिटर तोच, एलईडी तितकेच, उजेड चौथाईच्याही खाली. या सर्किटमध्ये समांतर जोडणीला थारा नाही.

मग माळ लांबवतच जावं का? कागदावर माळेला जास्तीत जास्त शक्ती मिळते ती माळदाब शिखराच्या निम्मा असताना, म्हणजे १६२ व्होल्टला. मी तिथपर्यंत जात नाही. कारण सूत्रातली वजाबाकी. माळ लांब झाली की कंसातला उरलेला आकडा लहान होतो, आणि मेन्सचा चढउतार त्या लहान आकड्यावर मोठा दिसतो. मेन्स १० टक्क्यांनी वाढून २५३ झाला तर एका एलईडीचा प्रवाह १० टक्के वाढतो, विसांच्या माळेचा १२ टक्के, पन्नासांच्या माळेचा १९ टक्के. मेन्स १८० पर्यंत घसरला तर वीसवाली माळ २७ टक्के प्रवाह गमावते आणि पन्नासवाली ४१ टक्के. संध्याकाळी दाब पडणाऱ्या लाइनवर ती माळ मलूल दिसणार. माझा कल ६० ते १०० व्होल्टच्या माळेकडे असतो: कार्यक्षमता नव्वदच्या वर, आणि डोळ्यांना चढउतार फारसा जाणवत नाही.

वीस-तीस एलईडी सोल्डर करायचा कंटाळा असेल तर एकाच डबीत अनेक चिप सिरीजमध्ये असलेले ९, १८ किंवा ३६ व्होल्टचे २८३५ प्रकारचे एलईडी घ्या. १८ व्होल्टचे चार घेतले की ७२ व्होल्टची माळ तयार.

पायरी २: कपॅसिटर

सूत्र उलटं करा: कपॅसिटन्स = हवा तो प्रवाह ÷ (४ × फ्रीक्वेन्सी × (शिखर − माळदाब)). प्रवाह ठरवताना एलईडीच्या कमाल प्रवाहाच्या निम्म्याच्या आसपास राहा. यात आयुष्याचा फायदा आहेच, पण कार्यक्षमतेचाही आहे. पांढऱ्या एलईडीतून प्रवाह जितका कमी, तितका प्रत्येक वॅटमागे उजेड जास्त. आपण मघापासून फक्त विजेची कार्यक्षमता मोजतोय. विजेचं उजेडात रूपांतर हा दुसरा टप्पा आहे, आणि तिथेही लांब माळ व कमी प्रवाह हीच जोडी जिंकते.

१२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झच्या मेन्सवर शिखर १७० आणि गुणक (४ × फ्रीक्वेन्सी) २४० होतो. तिथे ६० व्होल्टच्या माळेला १२ मिलिअँपिअर द्यायचे तर ४७० नॅनोफॅरड लागतील, म्हणजे दुपटीहून जास्त. शिखर कमी असल्याने चढउताराचा त्रासही तिथे जास्त, म्हणून माळ थोडी आखूड ठेवावी.

प्रकार एकच: एक्स२ वर्गाचा (थेट मेन्सवर लावण्यासाठी बनवलेला) फिल्म कपॅसिटर, अंगावर २७५ किंवा ३०५-३१० व्होल्ट एसी छापलेला. २२० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरवर बहुधा २२४ असा संकेत असतो. ४०० व्होल्ट डीसीचा साधा पॉलिस्टर कपॅसिटर "चालतो" म्हणून लावू नका. तो काही महिने चालतो आणि नंतर शॉर्ट होऊन पुढचं सगळं जाळू शकतो. इलेक्ट्रोलिटिकचा तर इथे प्रश्नच नाही. एक्स२ सुद्धा क्वचित शॉर्ट होऊ शकतो, म्हणून आधी फ्यूज.

पायरी ३: सिरीज रेझिस्टर

खरी तडजोड इथे आहे. दिवा लावताना मेन्स नेमका शिखरावर असला तर रिकामा कपॅसिटर क्षणभर शॉर्टसारखा वागतो: ३२५ व्होल्ट, १०० ओहम, म्हणजे सव्वातीन अँपिअर. आधीचा भार उलट्या दिशेने उरलेला असेल तर सहा अँपिअरच्या जवळ. हे टिकतं वीस-पंचवीस मायक्रोसेकंद, पण फिल्टर कपॅसिटर नसेल तर तेवढा धक्का थेट एलईडींना बसतो.

रेझिस्टर वाढवला तर धक्का कमी होतो आणि नुकसान त्याच प्रमाणात वाढतं. वीसांच्या माळेत १०० ओहमला २२ मिलिवॅट जातात, तर १ किलोओहमला जवळपास २२० जातील आणि कार्यक्षमता ९० वरून ७१ टक्क्यांवर येईल. अनेक सर्किटांत १ किलोओहम डोळे झाकून लावलेला दिसतो, आणि मग नाव कपॅसिटरचं खराब होतं. १०० ओहम पुरतो, फिल्टर कपॅसिटर असेल तर ४७ ओहमही चालतो.

२२ मिलिवॅटसाठी पाव वॅटचा रेझिस्टर पुरेल असं वाटेल. पुरत नाही. रोजच्या उष्णतेपेक्षा लावतानाच्या धक्क्याने तो मरतो. १ वॅटचा वायरवाउंड किंवा फ्युजिबल प्रकारचा घ्या. फ्युजिबल घेतला तर बिघाडात तो आग न धरता उघडा पडतो.

पायरी ४: ब्लीडर, शांतपणे खाणारा

वीसांच्या माळेचे आकडे परत पाहा. ८० मिलिवॅटच्या नुकसानीत ४२ एकट्या ब्लीडरचे आहेत. उजेडाशी त्याचा काही संबंध नाही. तो असतो प्लग काढल्यावर पिनांना हात लागला तर झटका बसू नये म्हणून. त्याला काढून टाकण्याचा मोह आवरा, पण त्याची किंमत मोजून निवडा.

२२० नॅनोफॅरड आणि १ मेगाओहम मिळून टाइम कॉन्स्टंट (दाब साधारण एक तृतीयांशावर उतरायला लागणारा वेळ) ०.२२ सेकंद. एका सेकंदात ३२५ व्होल्टचे साडेतीन उरतात. २ मेगाओहम केला तर सेकंदानंतर ३३-३४ व्होल्ट उरतात, जे अजूनही सुसह्य आहेत, आणि नुकसान निम्मं होतं. कार्यक्षमता ९० ची ९२. कपॅसिटर मोठा असेल तर उलट करावं लागतं: १ मायक्रोफॅरडला १ मेगाओहम लावला तर सेकंदानंतरही १२० व्होल्ट शिल्लक असतात. तिथे ४७० किलोओहमच्या वर जाऊ नका.

एक रेझिस्टर न लावता दोन सिरीजमध्ये लावा, उदाहरणार्थ १ मेगाओहमचे दोन. पाव वॅटच्या साध्या रेझिस्टरची दाब सोसण्याची मर्यादा बहुधा २५० व्होल्टच्या आसपास असते. वॅट कमी जळत असले तरी ३२५ चं शिखर रोज झेलून तो कधीतरी उघडा पडतो, आणि उघडा पडलेला ब्लीडर दिव्यावरून कळत नाही, बोटालाच कळतो.

पायरी ५: ब्रिज

१एन४००७ चे चार डायोड किंवा एमबी१०एस सारखा तयार ब्रिज. पुढे चला.

पायरी ६: फिल्टर कपॅसिटर आणि झेनर

फिल्टरशिवाय वीसांची माळ प्रत्येक १० मिलिसेकंदांतले जवळपास ३ मिलिसेकंद पूर्ण अंधारात असते. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण हात हलवला किंवा मोबाइलचा कॅमेरा धरला की कळतं. वाचनाच्या दिव्याला हे नको. माळेचा बदलता रोध साधारण ३०० ओहम धरला तर १०० मायक्रोफॅरड मिळून ३० मिलिसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट होतो आणि उजेड बऱ्यापैकी स्थिर राहतो. सरासरी प्रवाह यामुळे बदलत नाही, त्यामुळे कार्यक्षमतेचं नुकसान नाही.

आता धोका. माझ्या सुरुवातीच्या एका दिव्यात ६० व्होल्टच्या माळेवर १०० व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक होता, "चाळीस व्होल्ट जादा ठेवलेत" या समाधानात. काही महिन्यांनी एक एलईडी उघडा पडला. माळ तुटली, प्रवाहाला वाट उरली नाही, आणि फिल्टर कपॅसिटर मेन्सच्या शिखराकडे भरत गेला. फट्‌ असा आवाज आणि खोलीभर तो विशिष्ट वास. या सर्किटला भार काढून घेतलेला चालत नाही, कारण कपॅसिटर प्रवाह ढकलतच राहतो.

उपाय दोन. एक, ४०० व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक, जो आकाराने मोठा असतो. दुसरा, मला आवडणारा: माळेला समांतर २७ व्होल्टचे, १ वॅटचे तीन झेनर सिरीजमध्ये, मिळून ८१ व्होल्ट. माळ शाबूत असताना त्यांच्यापर्यंत प्रवाह पोचतच नाही, म्हणून त्यांचं नुकसान शून्य. माळ तुटली की सगळा प्रवाह त्यांच्यातून जातो आणि प्रत्येकाला साधारण ०.२९ वॅट मिळतात, जे ते निवांत सोसतात. एकच मोठा झेनर लावला तर सगळी उष्णता एकाच्या माथी.

झेनर इथे फक्त राखणदार आहे. त्याला माळदाबाच्या खाली आणून "दाब स्थिर करायला" लावला की तो उजेडाच्या वाट्याचा प्रवाह स्वतः गिळू लागतो.

याच स्वभावामुळे एक गमतीशीर नियम निघतो. सेन्सर लावून हा दिवा चालू-बंद करायचा असेल तर माळ उघडायची नाही, तिला ट्रान्झिस्टरने शॉर्ट करायचं. माळ शॉर्ट झाली की माळदाब शून्य, शक्ती शून्य, आणि सर्किट फक्त रेझिस्टर, ब्रिज आणि ब्लीडरचे किरकोळ मिलिवॅट खातं. ट्रान्झिस्टर मात्र फिल्टर कपॅसिटरच्या अलीकडे लावा आणि दोघांमध्ये एक डायोड ठेवा. नाहीतर १०० मायक्रोफॅरडचा सगळा भार ट्रान्झिस्टरवर आदळेल.

प्लग काढल्यावर फिल्टर कपॅसिटरमध्ये पन्नासेक व्होल्ट बराच वेळ टिकतात, कारण त्याखाली एलईडी वाहतच नाहीत. डबी उघडली की आधी १ किलोओहमच्या रेझिस्टरने तो रिकामा करा.

पायरी ७: मोजमाप

सॉकेटमध्ये खोचायच्या साध्या वॅटमीटरवर विश्वास ठेवू नका. वीसांच्या माळेचा पॉवर फॅक्टर (खरे वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर) ०.२३ आहे, एका एलईडीचा ०.०४. एवढ्या कमी शक्तीला आणि एवढ्या तिरक्या प्रवाहाला अशी यंत्रं वाट्टेल ते दाखवतात. त्याऐवजी नुकसान तुकड्या-तुकड्यांनी मोजा.

माळेत सिरीजमध्ये १० ओहमचा रेझिस्टर ठेवा. त्यावर डीसी ११६ मिलिव्होल्ट दिसले म्हणजे ११.६ मिलिअँपिअर. याला माळेवरच्या डीसी दाबाने गुणलं की कामाचे वॅट मिळाले. डीसी बाजूला हा साधा गुणाकार चालतो, विशेषतः फिल्टर असल्यावर. ब्रिजचं नुकसान म्हणजे तोच प्रवाह गुणिले १.४. सिरीज रेझिस्टरवरचा एसी दाब मोजून त्याचा वर्ग भागिले रोध. इथे मीटर ट्रू आरएमएस हवा, म्हणजे वेड्यावाकड्या आकाराच्या प्रवाहाचाही खरा आकडा दाखवणारा. तो १.४८ व्होल्ट दाखवेल, साधा मीटर १.३ च्या आसपास दाखवेल आणि तुम्ही नुकसान पाव भागाने कमी मोजाल. ब्लीडरसाठीही तसंच: मुख्य कपॅसिटरवर साधारण २०५ व्होल्ट दिसतील, वर्ग भागिले रोध. चारही आकड्यांची बेरीज हा तुमचा एकूण खर्च. प्रत्येक जोडणी प्लग काढून करायची, मीटरच्या क्लिप लावायच्या, मग प्लग लावून दुरून वाचायचं.

हा कमी पॉवर फॅक्टर बिलात येतो का? वॅट-तास मोजणाऱ्या मीटरवर येत नाही. शिवाय हा प्रवाह दाबाच्या पुढे धावतो आणि पंखे-मोटरींचा मागे रेंगाळतो, तेव्हा दोघे मिळून थोडी फिटंफाट होते.

हिशेब कुठे कोसळतो

वरचे सगळे आकडे साइन वेव्हवरचे, म्हणजे मेन्ससारख्या गुळगुळीत चढणाऱ्या-उतरणाऱ्या दाबावरचे आहेत. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हाच दिवा लावला की चित्र पालटतं. साइन वेव्हमध्ये कपॅसिटर हळूहळू भरतो. स्क्वेअर वेव्हमध्ये दाब एका उडीत −२३० वरून +२३० होतो आणि सगळा विद्युतभार त्या क्षणी सिरीज रेझिस्टरमधून घुसतो. अशा उडीत रेझिस्टरमध्ये जळणारी ऊर्जा कपॅसिटन्सच्या निम्मी गुणिले दाबातल्या बदलाचा वर्ग एवढी असते, रेझिस्टर कितीचाही असो. वीसांच्या माळेला हे जवळपास सव्वा वॅट भरतं. जिथे २२ मिलिवॅट अपेक्षित होते तिथे! माळेला मिळतात ०.४५ वॅट, म्हणजे कार्यक्षमता २६ टक्के, आणि १ वॅटचा रेझिस्टर काळा पडायला लागतो. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या जागी एकतर शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर हवा किंवा दुसऱ्या प्रकारचा ड्रायव्हर. डिमरचंही तेच. ट्रायॅकचा डिमर प्रत्येक अर्धआवर्तनात दाबाची अशीच कडा तयार करतो.

मोठ्या दिव्यांसाठीही ही पद्धत ताणू नये. १०० व्होल्टच्या माळेला ६० मिलिअँपिअर, म्हणजे ६ वॅट द्यायचे तर १.३ मायक्रोफॅरडचा एक्स२ लागतो. तो आकाराने बोजड, ब्लीडर लहान करावा लागणार, लावतानाचा धक्का मोठा. तीनेक वॅटच्या पुढे मी स्विचिंग ड्रायव्हरकडे वळतो. कार्यक्षमता त्याची कदाचित जास्त नसेलही, पण मेन्स हलला तरी उजेड हलत नाही.

वर्ष-दोन वर्षांनी

हा दिवा एका दिवसात जात नाही, मंदावत जातो, आणि लोक दोष एलईडींना देतात. आधी मुख्य कपॅसिटर काढून कपॅसिटन्स मीटरवर मोजा. मेटलाइज्ड फिल्ममध्ये मेन्सचा एखादा उंच धक्का बसला की त्या जागची धातूची परत जळून जाते आणि कपॅसिटर स्वतःला दुरुस्त करून पुढे चालतो. पण प्रत्येक दुरुस्तीत थोडं क्षेत्रफळ कमी होतं. २२० चा १५० झालेला असेल तर प्रवाह ११.६ वरून ७.९ मिलिअँपिअरवर आलेला असतो. नवा कपॅसिटर घेताना सिरीज वापरासाठी म्हणून खास बनवलेला मिळत असेल तर तो घ्या. फेज-न्यूट्रलमध्ये आडव्या लावायच्या साध्या एक्स२ पेक्षा तो या कामात जास्त टिकतो. जुना काढलाच आहे तर ब्लीडरही त्याच वेळी मोजून घ्या.